हिमनदीने टाकलेली खडीची जमीन: नाव देण्याआधी काय मोजायचं?

प्रश्न थोडक्यात असा. राहुरीहून कृषी पदवी घेऊन आलेले एक विद्यार्थी सध्या अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एम.एस. करताहेत. वूस्टर काउंटीतल्या जंगलात, १२ टक्के उतारावर त्यांनी मीटरभर खोल खड्डा घेतला. वरचे १८ सेंमी गडद तपकिरी, मग ५५ सेंमीपर्यंत पिवळसर तपकिरी वालुकामय पोयटा आणि त्याखाली करडी भरड वाळू व गोटे. ते लिहितात, "खालच्या थरात निम्मे गोटेच आहेत. पाणी ओतलं की बघता बघता मुरतं. सरकारी मृदा नकाशात इथे चार्लटन मालिका दाखवली आहे, मला तर ही हिंकली वाटते. काय म्हणू, आणि वर्णन कसं लिहू?"

तुम्ही दिलेल्या वर्णनात निदान चार मालिका, म्हणजे सर्वेक्षणात नाव दिलेले जमिनीचे प्रकार, बसतात: हिंकली, ग्लॉस्टर, कँटन आणि थोडी सूट दिली तर चार्लटनही. म्हणून नावाचा विचार जरा मागे ठेवा. खडी किती आहे, जमीन किती काळ पाण्याने भरलेली राहते आणि हा माल इथे कोणी आणून टाकला, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या खुणांवरून काढायची असतात. गोटे दिसले आणि पाणी मुरलं, एवढ्यावर तिन्हींचं उत्तर एकदम काढलं की वर्गीकरण चुकतं.

आधी माल कोणी टाकला ते पाहू, कारण आपल्याकडून आलेल्या माणसाला हीच गोष्ट नवी असते. दख्खनमध्ये मुरूम म्हणजे जागच्या जागी कुजलेला बेसाल्ट. खाली कातळ, वर मुरूम, त्यावर माती, आणि तिघांचं नातं सरळ. मॅसॅच्युसेट्सच्या या भागावरून लॉरेंटाइड हिमस्तर साधारण १५ ते १७ हजार वर्षांपूर्वी मागे सरकला. त्याने जे सोडलं त्याचा खालच्या कातळाशी संबंध असेलच असं नाही. त्यात ग्रॅनाइट, नाइस, शिस्ट यांचे तुकडे एकत्र असतात, काही जवळचे तर काही उत्तरेकडून कित्येक किलोमीटर वाहून आणलेले. बर्फाने थेट टाकलेल्या, न निवडलेल्या मालाला टिल म्हणतात. त्यात धोंड्यापासून पिठासारख्या गाळापर्यंत सगळं एकत्र कालवलेलं असतं. बर्फ वितळून वाहिलेल्या पाण्याने टाकलेला माल मात्र निवडलेला असतो. वाळूचा पट्टा, त्याखाली गोट्यांचा, परत वाळूचा, असे थर त्यात दिसतात. एस्कर आणि केम या टेकड्या अशाच मालाच्या असतात, आणि हिंकली मालिका येते ती इथेच. ग्लॉस्टर, कँटन, चार्लटन या टिलवरच्या.

हे खड्ड्यात ओळखायचं कसं? खालच्या थरातले वीस-तीस गोटे काढा, बादलीत धुऊन पाटीवर मांडा. कडा गोल झालेल्या असतील तर पाण्याने घोळवलेला माल. कडा बोथट पण कोन शाबूत, एखादी बाजू घासून सपाट झालेली, त्यावर समांतर ओरखडे असतील तर बर्फाचा. मग खड्ड्याची भिंत चाकूने साफ करून उतरत्या उन्हात पाहा. वाळूच्या तिरक्या रेघा दिसतात का? आणि एक खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. टिलमधला मोठा दगड अलगद काढा, त्याची वरची बाजू वर ठेवूनच. पुष्कळदा वरच्या बाजूवर बारीक गाळाची टोपी चिकटलेली असते आणि खालची बाजू स्वच्छ असते. ती सापडली तर वर्णनात "दगडांच्या वरच्या पृष्ठावर गाळाचा लेप" असं स्पष्ट लिहा, जाडी मिलिमीटरमध्ये द्या.

हिमनदीचा माल बघायला अमेरिकेपर्यंत यावं लागतं असं मात्र नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ईरईजवळ तालचिर या प्राचीन हिमनदीच्या थरांखालच्या चुनखडकावर बर्फाने ओढलेले ओरखडे आहेत. पण तो काळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्या मालाचा केव्हाच खडक झालेला आहे. सुट्टीत गावी गेलात तर जरूर जाऊन या. ओरखडे एकदा तिथे पाहिले की इथल्या गोट्यांवर ओळखायला सोपे जातात.

आता खडी. मृदेच्या वर्गीकरणात २ मिलिमीटरच्या वरचं सगळं "खडकाचे तुकडे" आणि खालचं "बारीक माती". २ ते ७५ मिमी म्हणजे खडी, ७५ ते २५० म्हणजे गोटे, २५० ते ६०० म्हणजे दगड, त्याहून मोठे ते धोंडे. पोताच्या नावाला लागणारं विशेषण घनफळाच्या टक्क्यांवर ठरतं. १५ टक्क्यांखाली काहीच लावायचं नाही. १५ ते ३५ असेल तर "खडीयुक्त", ३५ ते ६० "फार खडीयुक्त", ६० ते ९० "अतिशय खडीयुक्त". घनफळाच्या, वजनाच्या नव्हे. तुमचं "निम्मे" इथेच अडतं.

समजा तुम्ही खालच्या थरातून १०० किलो माल काढून चाळलात आणि ५० किलो खडी निघाली. खडीची घनता २.६५ धरली तर तिचं घनफळ होतं १८.९ लिटर. उरलेली ५० किलो बारीक माती जागेवर असताना तिची स्थूल घनता १.३ असेल, तर ती ३८.५ लिटर जागा व्यापत होती. म्हणजे खडी ५७.४ लिटरमध्ये १८.९, सुमारे ३३ टक्के. वजनाने निम्मी, घनफळाने एक तृतीयांश, आणि ३५ च्या रेषेच्या अलीकडे. तीच माती जास्त वाळूची आणि १.५ घनतेची असेल तर हिशेब ३६ टक्क्यांवर जातो, म्हणजे रेषेच्या पलीकडे. म्हणून स्थूल घनता अंदाजाने टाकू नका. खडीच्या जमिनीत नळीचा नमुना येत नाही, नळी गोट्यावर अडते. त्याऐवजी छोटा खळगा खणा, आत पातळ प्लास्टिक अंथरा आणि मोजून पाणी भरा. खळग्याचं घनफळ हातात येतं आणि काढलेला माल वाळवून तोलला की बाकी सगळं त्यातून निघतं.

नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. धुतलेल्या भिंतीत फिकट ग्रॅनाइटचे गोटे उठून दिसतात आणि टक्केवारी नकळत वर चढते. आपल्या मुरमाची सवयही इथे नडते. बोटांनी चुरडणारा, कुजका तुकडा मोजणीत "खडकाचा तुकडा" धरत नाहीत. त्याची नोंद वेगळी करायची, कारण प्रयोगशाळेत तो चुरडून बारीक मातीतच जातो. ग्रॅनाइट-नाइसचे बहुतेक गोटे कठीण असतात, पण शिस्टचे काही सडलेले निघतात. प्रत्येक जातीचे चार-पाच तुकडे हातोडीने तपासा.

जमिनीच्या पृष्ठावर पडलेले धोंडे हा आणखी वेगळा हिशेब. पृष्ठभागाच्या ०.१ ते ३ टक्के भागावर २५० मिमीच्या वरचे दगड असतील तर नकाशा-घटकाच्या नावात "फार दगडी" असं लागतं, ३ ते १५ टक्के असेल तर "अतिशय दगडी". खड्ड्यातल्या थराच्या पोताशी त्याचा संबंध नाही. तुमच्या जंगलात पृष्ठावर दगड कमी दिसत असतील तर आसपास दगडी बांध शोधा. या भागातली बरीच जंगलं एकेकाळची शेतं आणि कुरणं आहेत, आणि शेतकऱ्यांनी वेचलेले दगड त्या बांधांत गेले. तुमचा १८ सेंमीचा गडद थर खाली सुरीने कापल्यासारखा सरळ संपतो का, ते पाहा. तसं असेल तर तो नांगराचा थर आहे आणि "एपी" म्हणूनच लिहायचा, वर आज ओकची झाडं उभी असली तरी.

निचऱ्याबद्दल मला सगळ्यात आग्रहाने सांगायचं आहे. पाणी झटकन मुरलं म्हणजे निचरा उत्तम, असं धरू नका. निचऱ्याचा वर्ग सांगतो की वर्षाकाठी जमीन कुठल्या खोलीपर्यंत, किती काळ पाण्याने भरलेली राहते. पाणी किती वेगाने झिरपतं ते झिरपक्षमता सांगते. या दोन नोंदी वेगळ्या आहेत. पॅक्स्टन ही मॅसॅच्युसेट्सची राज्य-मृदा घ्या. ड्रमलिनवर, म्हणजे बर्फाने घडवलेल्या लांबट टेकडीवर, असते आणि निचरा "चांगला" या वर्गात आहे. तरी ५० ते १०० सेंमीवर तिच्यात बर्फाच्या भाराने दाबलेला गच्च टिल लागतो, ज्याला इथले खोदकामवाले हार्डपॅन म्हणतात, आणि त्यातून पाणी अगदी सावकाश जातं. उतारावर असल्याने पाणी त्या थरावरून बाजूला सरकत राहतं, एवढंच. उलट टोक म्हणजे सडबरी आणि वॉलपोल. दोन्ही हिमजलाने टाकलेल्या वाळू-खडीतल्या, पण सडबरीचा निचरा मध्यम आणि वॉलपोलचा वाईट, कारण त्या उताराच्या पायथ्याशी आणि सखल भागात बसतात, जिथे भूजलच वर असतं. तिथल्या खडीतून पाणी भराभर जाऊ शकतं, फक्त जायला जागा नसते.

म्हणून निचरा रंगावरून आणि जागेवरून ठरवायचा. उतारावर तुम्ही कुठे आहात ते लिहा: माथा, खांदा, मधला उतार, पायथा. उतार वरून खाली फुगीर आहे की खोलगट, आडवा कसा आहे, तेही लिहा, कारण खोलगट भागात आजूबाजूचं पाणी गोळा होतं. मग खड्ड्यात लोहाच्या हालचालीच्या खुणा शोधा. मन्सेलच्या रंगपुस्तकात क्रोमा (रंगाचा भडकपणा) २ किंवा कमी असे राखाडी ठिपके आणि शेजारी गंजासारखे लालसर ठिपके एकत्र दिसले, तर तो थर वर्षातला बराच काळ पाण्याखाली असतो. ओलसर मातीवर, ऊन थेट पडत असताना, गॉगल काढून रंग पाहा. नोंद अशी (छटा, मग उजळपणा/क्रोमा): "१० वायआर ५/६, त्यात ७ टक्के, मध्यम आकाराचे, ठळक, २.५ वाय ६/२ ठिपके". ठिपके कोणत्या खोलीवर सुरू होतात हा त्या नोंदीतला सर्वांत मोलाचा आकडा आहे.

खडीत मात्र या खुणा फसवतात. भरड वाळूत लोहच कमी असतं, त्यामुळे महिनोन्महिने पाण्याखाली राहूनही रंग फारसा बदलत नाही. दुसरं, बारीक पोयट्याखाली एकदम भरड वाळू आली की पाणी त्या सीमेवर अडकतं. वरच्या बारीक छिद्रांतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत लगेच उतरत नाही. मग ५५ सेंमीच्या आसपास गंजाची पातळ रेघ दिसते आणि नवखा माणूस तिथे भूजल लिहून मोकळा होतो. रेघ सीमेला चिकटून असेल आणि तिच्या खाली ठिपके नसतील, तर ती भूजलाची नव्हे. तिसरं, इथल्या ब्रिमफील्ड गावाच्या बाजूला गंजणारा शिस्ट आहे. त्याचे तुकडे कुजताना भोवतीची माती तांबूस करतात. तांबूस डाग तुकड्याभोवती आहे की मुळांच्या वाटा आणि भेगा धरून आहे, ते पाहून ठरवा.

हे सगळं कागदावरचं भांडण नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये गटार नसलेल्या घराचं सांडपाणी जमिनीत सोडतात. टायटल ५ या नियमानुसार शोषण क्षेत्राच्या तळापासून उच्च भूजलापर्यंत ४ फूट अंतर लागतं, आणि झिरप इंचाला २ मिनिटं किंवा त्याहून जलद असेल तर ५ फूट. खडी पाणी पटकन नेते, पण गाळत नाही, म्हणून हा जादा फूट. तुमच्या वर्णनावरून कोणाच्या तरी विहिरीचं पाणी सुरक्षित राहणार आहे. शेतीतही तेच. वालुकामय पोयटा सेंटिमीटरमागे ०.१२ सेंमी पाणी पिकाला देऊ शकत असेल, तर मीटरभरात १२ सेंमी होतं. त्यात ४० टक्के खडी निघाली की उरतं ७.२. नायट्रेटही तितक्याच लवकर खाली धुपून जातं.

आता तुमच्या खड्ड्याकडे येऊ. अमेरिकी मृदा वर्गीकरणात कणाकाराचा वर्ग अशा जमिनीत २५ ते १०० सेंमी या पट्ट्यावर ठरतो. समजा २५ ते ५५ मध्ये घनफळाने २० टक्के खडी आहे आणि ५५ ते १०० मध्ये खरोखर ५० टक्के. भारित सरासरी निघते ३८. म्हणजे ३५ च्या वर, "कंकाल" (खडीभरल्या, इंग्रजीत स्केलेटल) वर्गात. चार्लटन इथेच बाद होते, कारण ती कंकाल नाही आणि तिचा खालचा थरही पोयट्याचाच असतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे अहवाल तुम्ही वाचले असतील, तर ही पद्धत ओळखीची वाटेल. भारतातही हेच वर्गीकरण वापरतात. जागतिक संदर्भ पद्धतीत, म्हणजे डब्ल्यूआरबीत, "स्केलेटिक"साठी मात्र वरच्या मीटरभरात सरासरी ४० टक्के लागतात. कोणत्या पद्धतीने लिहिताय ते प्रबंधात आधीच सांगा.

मग हिंकली का नाही? हिंकलीचा पूर्ण वर्ग आहे सँडी-स्केलेटल, मिक्स्ड, मेसिक टिपिक युडॉर्थेंट्स, थोडक्यात खडीभरल्या वाळूची जमीन. तिच्यातही तपकिरी "बीडब्ल्यू" (रंग-रचना बदललेला मधला) थर ठळक दिसतो, तरी ती एंटिसॉल, म्हणजे थर न घडलेली जमीन. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. कारण असं की कँबिक, म्हणजे वर्गीकरणाच्या अटींत बसणारा बदललेला थर, म्हणवून घ्यायला पोत अतिबारीक वाळू, पोयटायुक्त अतिबारीक वाळू किंवा त्याहून बारीक असावा लागतो. पोयटायुक्त वाळूला रंग कितीही चढला तरी ती कँबिक ठरत नाही. आणि वाळू असून ती सॅमेंट्समध्ये, म्हणजे वाळूच्या एंटिसॉलांच्या गटात, का जात नाही? कारण सॅमेंट्समध्ये ३५ टक्क्यांच्या आत खडी लागते. तुमच्याकडे १८ ते ५५ सेंमीमध्ये वालुकामय पोयटा आहे. जाडी १५ सेंमीहून जास्त, तळ २५ च्या खाली. रंग आणि रचना बदललेली असेल तर तो कँबिक झाला, जमीन इन्सेप्टिसॉलमध्ये, म्हणजे थर घडू लागलेल्या जमिनींत, गेली आणि हिंकलीचा प्रश्न मिटला. पण हे सगळं "वालुकामय पोयटा" या तुमच्या शब्दावर उभं आहे, म्हणून तो परत तपासा. २ मिमीच्या चाळणीतून गाळलेली माती भिजवून मळा. गोळा होतो पण अंगठ्याने दाबल्यावर फीत अजिबात निघत नाही, तर ती पोयटायुक्त वाळू. छोटी, लगेच तुटणारी फीत निघाली तर वालुकामय पोयटा.

उरतात ग्लॉस्टर आणि कँटन. दोन्ही टिपिक डिस्ट्रुडेप्ट्स (दमट हवामानातल्या, आम्लारी कमी असलेल्या इन्सेप्टिसॉल), दोन्ही टिलवरच्या, दोन्हींच्या खाली खडीची वाळू. ग्लॉस्टर सँडी-स्केलेटल आहे आणि तिचा निचरा "काहीसा अति" या वर्गात येतो. कँटन "वर भरड-पोयटी, खाली वाळूची किंवा वाळू-कंकाल" अशा जोडवर्गात बसते आणि निचरा "चांगला". निर्णय तुमच्या ५५ सेंमीच्या सीमेवर आहे. पोयट्यापासून वाळूपर्यंतचा बदल १२.५ सेंमीच्या आत पुरा होत असेल, तरच जोडवर्ग लागू पडतो. त्याहून हळूहळू असेल तर सरासरी पोत घ्यायचा आणि तो ग्लॉस्टरकडे झुकेल. खड्ड्याच्या चारही भिंतींवर टेप लावून सीमेची जाडी मोजा, कारण हिमनदीच्या मालात हातभर अंतरावर चित्र बदलतं. आणखी एक अट पुष्कळ जण विसरतात. वरच्या भरड-पोयटी भागात बारीक वाळू व त्याहून भरड वाळू वजनाने ५० टक्क्यांपेक्षा कमी असायला हवी. वरचा थर हिमनदी हटल्यावर वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मालाचा असेल तर ही अट सहसा पुरी होते. नुसता वाळूचा टिल असेल तर नाही.

नकाशात चार्लटन आहे म्हणून सर्वेक्षण चुकलं असं समजू नका. त्या प्रमाणावर एका घटकात दुसऱ्या जमिनीचे तुकडे असतातच आणि ते अहवालात नमूदही असतात. वर्णनात "नकाशा-घटक चार्लटन, खड्ड्यातली मृदा वेगळी" असं दोन्ही लिहा.

खड्डा अजून खोल करायचा विचार असेल तर एकट्याने करू नका. खडीच्या वाळूच्या भिंती पूर्वसूचना न देता ढासळतात. ५ फुटांच्या खाली भिंतीला आधार किंवा उतार दिल्याशिवाय उतरायचं नाही, हा इथला कामगार-सुरक्षेचा नियमच आहे आणि १५० सेंमीला तुम्ही जवळपास तिथे पोचता. खोलवरचं भूजल पाहायला जेसीबीसारखं यंत्र मागवा, आधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या तारा-नळांची खूण करून घ्या, आणि खालचा माल यंत्राच्या बादलीतच तपासा.

बुजवण्याआधी चार नमुने घ्या: एपी, २५ ते ५५ मधला, सीमेच्या लगेच खालचा आणि ७५ ते १०० मधला. चारही नमुन्यांची खडी घनफळाने काढा. दुसऱ्या नमुन्याचं वाळूचं पाच भागांत विभाजन प्रयोगशाळेकडून मागा, नुसतं "वाळू-गाळ-चिकण" नको. २५ ते ७५ सेंमीमधली आम्लारी संपृक्तताही (कॅल्शियमसारख्या आम्लारींनी मातीची धारणक्षमता किती टक्के भरली आहे ते) मागा, कारण ती सगळीकडे ६० टक्क्यांच्या खाली असेल तरच डिस्ट्रुडेप्ट. तो वाळूचा आकडा आणि सीमेची जाडी कळवलीत की ग्लॉस्टर की कँटन, हे मी सांगू शकेन.